मधला बोलणा ठेवूचा मां? : सावंतवाडीच्या टेपवाल्यांकडचा अनुभव

आधीच सांगते, जुन्या कॅसेटमधला आवाज पेन ड्राइव्हवर उतरवून देणाऱ्या या दुकानाचं नाव लिहिणार नाही. मालकांनीच हात जोडले, "बाईनू, नाव घालू नकात. हाती आसा तां काम माका सरना नाय." ज्यांना खरोखर गरज आहे त्यांनी सावंतवाडीला मोती तलावाकडून बाजारात शिरावं आणि 'टेपवाले खय बसतत' असं विचारावं. पहिला माणूस मोबाईलच्या दुकानात पाठवील, दुसरा बरोबर जागी.

दुकान कसलं, लाकडी जिन्याखालची खोली. तीन माणसं आत गेली तर चौथ्याने पायरीवर बसायचं. दारावर कुठल्या तरी रिचार्ज कंपनीची उन्हाने उडालेली पाटी आहे, पण तिथे कुणी रिचार्ज करताना मला दिसलं नाही. पोटापाण्याला मिक्सर आणि पंखे. आत पाऊल टाकलं की डाग देतात तेव्हाचा राळेचा वास येतो. एका फळीवर मिक्सरची भांडी ओळीने मांडलेली, एका फळीवर पोट फाडलेले टू-इन-वन, आणि टेबलावर दोन कॅसेट डेक शेजारी शेजारी, वर जुन्या लुगड्याचा फडका. पावसाळ्यात त्या डेकांच्या मागे एक पिवळा बल्ब दिवसभर जळत ठेवतात. दमट हवेवरचा उपाय. आमच्याकडे काजूच्या खोलीत आम्ही वेगळं काय करतो?

माझं वेंगुर्ल्यात काजूचं लहानसं युनिट आहे. चार बायका आणि मी. हे अशासाठी सांगते की वस्तूला बरं-वाईट म्हणायची माझी पद्धत प्रतवारीची आहे, तारे-बिरे मला जमत नाहीत. दुसरं म्हणजे काजूच्या टरफलाच्या तेलाने माझी बोटं बाराही महिने काळी असतात. कितीही एरंडेल चोळा, राख लावा, चिकटपणा जात नाही. त्या बोटांनी फोनवर टाइप करायचं म्हणजे काचेवर लोणचं वाढल्यासारखं होतं. म्हणून आमच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर मी बोलूनच निरोप टाकते. हा लेखसुद्धा भाचीला तोंडी सांगून लिहून घेतलाय, ऱ्हस्व-दीर्घ तिचे.

तर ग्रुप. आम्ही पाच जणी, १९८४ साली एकत्र दहावी झालेल्या. नावं देत नाही, एकीच्या सुनेला आवडणार नाही. तसंही आम्ही एकमेकींना गावावरूनच हाक मारतो. लग्न होऊन लालबागला गेली ती मुंबईवाली. नर्सिंग करून म्हापशाला नोकरीला लागली ती म्हापसेवाली. नवऱ्यामागून गेली ती मस्कतवाली. आता ती पुण्यात मुलाकडे असते, पण हाक तीच. एक वेंगुर्ल्याजवळच्या उभादांड्यालाच राहिली. आणि मी काजूवाली.

अगदी आत्तापर्यंत रोज दुपारी चहाच्या वेळेला एकीने एक गाणं टाकायचं आणि बाकीच्यांनी त्यावर बोलायचं असा नेम होता. सकाळच्या फुलांना बंदी. बोलणं गाण्यावर सुरू होतं आणि बांगड्याच्या दरावर संपतं. पण हा नेम फोन आल्यावर सुरू झाला असं समजू नका. १९८६ पासून सात वर्षं आम्ही हेच करत होतो, फक्त कॅसेटवर.

त्याची रीत अशी. एक नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट घ्यायची. पहिलीने आपल्या आवडीची तीन गाणी भरायची, आणि गाण्यांच्या मधे बोलायचं. काय वाटेल ते. मग ती पुढचीकडे पाठवायची. पोस्टाने पाठवलेली एक फुटून आली, तेव्हापासून पोस्ट बंद. मुंबईला एसटीच्या रातराणीने निघालेल्या कुणाच्या तरी पिशवीत जायची, म्हापशाला शनिवारी घरी आलेल्या एखाद्या नोकरदाराबरोबर, मस्कतला सुट्टी संपवून परत जाणाऱ्याच्या बॅगेत पापडांच्या पुडक्यात. तेव्हा कोकण रेल्वे नव्हती, ती पूर्ण धावायला १९९८ उजाडलं. एसटीडीचा फोन लावायचा तर रात्री अकरानंतर, पाव दर लागायचा म्हणून, आणि बूथवाल्याचं लक्ष आमच्या तोंडाकडे. कॅसेटची एक फेरी पुरी व्हायला सहा-सात महिने लागत. शेवटची परत माझ्याकडे यायची. माझं घर पक्कं आणि मी गाव सोडणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. अशा फिरत्या कॅसेट भरल्या सहा. साठ मिनिटांच्या तीन आणखी आहेत, त्या आमच्या आपापसातल्या, कुणाच्या बाळंतपणात करमणूक म्हणून भरलेल्या. एकूण नऊ. सगळ्या तीस वर्षं एका बिस्किटाच्या डब्यात.

आता तक्रार, पण या दुकानाची नव्हे. गेल्या वर्षी मुंबईवालीच्या मुलाने उत्साहाने एक कॅसेट कुरिअरने मागवून डिजिटल करून देणाऱ्या एका सेवेकडे पाठवली. महिन्याने पेन ड्राइव्ह आला, देखण्या खोक्यातून. आत पंधरा फायली. प्रत्येकीची तीन, म्हणजे पंधरा गाणी बरोबर. एकूण एक गाणं. आणि एक चिठ्ठी, की मधला 'बोलण्याचा व्यत्यय' आम्ही काळजीपूर्वक काढून टाकला आहे. वाचून मी खुर्चीतच बसले. ती पंधराही गाणी माझी भाची फोनवर पाच मिनिटांत काढून देते, आमच्या कॅसेटपेक्षा शंभर पट स्वच्छ. म्हणजे या लोकांनी गर फेकून टरफल पाकिटात भरून दिलं, वर चांदीचा वर्ख लावून. एवढं बरं की मूळ कॅसेट धड परत आली.

म्हणून जुलैत सावंतवाडीला गेले, एसटीने, अर्ध्या तिकिटात. डबा टेबलावर ठेवला. टेपवाल्यांचं वय सत्तरीकडे असावं. त्यांनी एक कॅसेट उचलून खिडकीकडे धरली, बाजूच्या चिरेतून फितीची कड बघितली, वास घेतला. मग पहिला प्रश्न विचारला तो हा, "मधला बोलणा ठेवूचा मां?"

काय बोलणं, कसलं बोलणं, काही सांगितलं नव्हतं मी. नंतर विचारलं तर म्हणाले, कोऱ्या कॅसेटवर बायकांच्या अक्षरात फक्त तारीख असली आणि गाण्यांची यादी नसली की आत बोलणं असतं. यादी लिहिणारे गाणी ऐकतात. तिथेच मी भाव न विचारता डबा सोडून यायला तयार झाले होते. पण भाव विचारला. साठवालीला २००, नव्वदवालीला २५०, आणि कॅसेट उघडून दुरुस्त करावी लागली तर वर १००. पेन ड्राइव्ह आपला.

मी त्या दिवशी दोन तास बसून काम बघितलं, कारण परतीची गाडी नव्हती. बुरशी आलेली कॅसेट थेट लावत नाहीत. फितीच्या कडेला पांढरी भुकटी दिसली की ती एका हवाबंद डब्यात, ओल शोषणाऱ्या निळसर खड्यांच्या पुड्यांबरोबर आठवडाभर. मग उघडतात. स्क्रूवाल्या कॅसेटला पाच स्क्रू असतात. स्वस्तातल्या कॅसेट मात्र स्क्रूशिवाय चिकटवलेल्या असत. त्या सांध्यावर पातं चालवून अंड्यासारख्या दोन भाग करायच्या आणि आतली दोन्ही चाकं उचलून दुसऱ्या कवचात बसवायची. हे करताना ते बोलत नाहीत, श्वाससुद्धा बाजूला तोंड करून सोडतात. नव्वदच्या कॅसेटमधली फीत सुमारे १३० मीटर लांब, आणि साठवालीपेक्षा पातळ, कारण तेवढ्याच कवचात जास्त मावायला हवी. सुटली तर गुंता. माझ्या दोन कॅसेटमधली ती इवलीशी गादी, फीत यंत्राच्या डोक्यावर, म्हणजे हेडवर, दाबून धरणारी, गळून पडली होती. चिमट्याने धरून पत्र्याच्या पट्टीवर नवी चिकटवली. एका ठिकाणी फीत तुटली होती आणि माझ्या भावाने कधीकाळी साधी सेलोटेप मारून जोडली होती. त्यावर मात्र टेपवाले बोलले, "ह्या कोणी केल्यान?" सेलोटेपचा गोंद वर्षानुवर्षं पाझरतो आणि शेजारच्या वेढ्यांना चिकटतो. ते कापून जोडायच्या खास पट्टीने पुन्हा जोडलं. तेवढ्यात दोन अक्षरं गेली. कुठली, ते पुढे कळलंच.

मग डोकं स्पिरिटने पुसायचं, कानात घालायच्या काडीने. कॅसेट लावायची. आणि मग एक बारीक स्क्रू असतो डोक्याच्या बाजूला, तो केसभर फिरवत राहायचं. आधी आवाज गोधडीत तोंड घालून बोलल्यासारखा होता. फिरवता फिरवता एका जागी 'स' आणि 'श' एकदम धारदार झाले. "गावला," म्हणाले. प्रत्येकीचा भाग वेगळ्या यंत्रावर भरलेला, प्रत्येक यंत्राचं डोकं जरा वेगळ्या कोनात, म्हणून दर माणसागणिक हा स्क्रू पुन्हा फिरवायचा. आमच्या एका कॅसेटवर पाच बायका, पाच यंत्रं. इतका खटाटोप अडीचशे रुपयांत कोण करतो? शिवाय हे काम घाईने होत नाही. नव्वद मिनिटांच्या कॅसेटला नव्वद मिनिटं. तेवढा वेळ दुसऱ्या हाताने मिक्सर दुरुस्त करतात, पण कान इकडे.

त्या कानाचा एक नमुना सांगते. आमच्याकडे तेव्हा रेडिओ वेगळा आणि टेप वेगळा होता. टेप रेडिओसमोर ठेवून भरायचं, त्यामुळे खोलीतलं सगळं त्यात यायचं. वेंगुर्ल्यात वीज गेली की टेप सेलवर. सेल उतरलेले असले की फीत हळू चालते, आणि हळू भरलेलं नीट वेगाने वाजवलं की आवाज चिमणीचा होतो. तिसऱ्या कॅसेटमधलं माझं सगळं बोलणं असं चिमणीचं निघालं. माझा मुलगा पोट धरून हसला असता. टेपवाल्यांनी काय करावं? माझ्या बोलण्याआधी जे गाणं होतं, त्याची चांगली प्रत संगणकावर शोधली, शेजारी लावली, आणि आमच्या गाण्याचा वेग कमी करत करत दोन्हींचा सूर एक केला. सूर जुळला तिथे माझा आवाज माझा झाला. एकवीस वर्षांची मी, नाकात बोलणारी. त्या गाण्याने एवढं काम केलं, त्याचे आभार.

आणि वेगळंच. मुंबईवालीच्या भागाखाली एक सततची गुणगुण आहे. ती म्हणजे घरातली वीज, पन्नास सायकलची, असं टेपवाले म्हणाले. काढायची तर काढता येते. मी म्हटलं, किती काढली तर तिचा आवाज जसाच्या तसा राहील? त्यांनी दोन्ही करून ऐकवलं. पूर्ण साफ केलेलं ऐकून मला तर ती पाण्याखालून बोलतेय असं वाटलं. अर्धी गुणगुण ठेवली. इथे माझी एक बारीक तक्रार आहे: पहिल्या तीन कॅसेट त्यांनी न विचारता साफ करून ठेवल्या होत्या. मी सांगितल्यावर पुन्हा केल्या, पैसे घेतले नाहीत, पण तुम्ही गेलात तर पहिल्या दिवशीच बजावा, 'साफ करू नका, आधी ऐकवा'.

आत काय निघालं ते सगळं इथे सांगण्यासारखं नाही. थोडं सांगते.

म्हापसेवाली हॉस्टेलमध्ये राहायची. रात्री दिवे गेल्यावर बोलणं बंद, असा तिथला कायदा. ती चादर डोक्यावर घेऊन, टेप पोटाशी धरून कुजबुजत भरायची. तिच्या भागात श्वास जास्त आणि शब्द कमी. मधेच पावलं वाजतात, ती गप्प होते, पावलं लांब जातात, आणि मग ती तिथूनच पुढचं वाक्य पुरं करते, "तर मी काय म्हणत होते, भिंडाचं, म्हणजे कोकमाचं, सोलकढीत काही खरं नाही." हे काय बोलणं आहे? पण तो मधला अर्धा मिनिट ऐकताना आम्ही पाचही जणी आजसुद्धा श्वास धरतो.

मस्कतवालीच्या भागात पाठीमागे एसीचा घरघराट. तिची तक्रार कायम एकच, इथला मासा मोठा पण त्याला चव नाही. एकदा तिने तारल्यांची आमटी कशी करायची हे इतकं सविस्तर सांगितलंय की त्यापुढचं गाणं निम्मंच मावलं. उभादांडेवालीच्या भागात पाऊस. कौलांवरचा, मग पत्र्यावरचा, मग तिची आई, "गो, तां बंद कर आणि कपडे काढ."

एक वाद आहे, पहिल्या कॅसेटवर सुरू झालेला आणि दुसरीवर चालू राहिलेला, म्हणजे वर्षभर. 'शुक्रतारा'मध्ये अरुण दात्यांबरोबर बाईचा आवाज कुणाचा? मुंबईवाली म्हणते लता. मी म्हणते सुमन कल्याणपूर. म्हापसेवाली कुजबुजत म्हणते, दोघी चूक. सहा महिन्यांनी मस्कतहून उत्तर आलं, सुधा मल्होत्रा, तिकडे कुणाकडे तरी रेकॉर्डचं वेष्टण होतं. आज हे विचारलं तर फोन दोन सेकंदांत सांगेल, शब्द पाडगावकरांचे, चाल श्रीनिवास खळ्यांची, सगळं. आणि वाद तिथेच मरेल. तेव्हा आमच्या उभादांडेवालीने यावर निकाल दिला होता: बाई कुणीही असो, पाडगावकर वेंगुर्ल्यात जन्मले, तेव्हा गाणं आपलंच. खरंच आहे, १९२९ साली, इथेच.

आणि ती गेलेली दोन अक्षरं, सेलोटेपमुळे. म्हापसेवालीला तिथल्या एका मुलाने चिठ्ठी दिली होती, तो प्रसंग ती सांगते. "आणि त्याचं नाव" इथे कटकन आवाज, आणि पुढे "असं काहीतरी." पुढे त्याच्याशी तिचं लग्न झालं नाही. आता आम्ही विचारलं तर ती म्हणते मला आठवत नाही. खोटं बोलते.

पाचव्या कॅसेटची दुसरी बाजू मात्र गेली. पुसू नये म्हणून कॅसेटच्या मागच्या दोन चकत्या मोडायच्या, ते मी केलं होतं. पण त्या भोकांवर टेप चिकटवली की पुन्हा भरता येतं, हे माझ्या भावाला माहीत होतं. त्याने मुंबईवालीच्या आणि मस्कतवालीच्या बोलण्यावर डबलबारी भरली. दोन बुवा, दोन पखवाज, पाऊण तास एकमेकांना भजनातून टोमणे. मला रडू आलं, आणि टेपवाले उडाले. ती बारी त्यांनी स्वतः समोर बसून ऐकली होती म्हणे, बुवा आता नाहीत, आणि रेकॉर्डिंग कुणाकडेच नाही. त्याची एक प्रत त्यांनी मागून घेतली आणि त्या कॅसेटचे पैसे सोडले. भावाला मी अजून हे सांगितलेलं नाही. फुगेल.

साठची एक कॅसेट वाचलीच नाही. फितीवरचा तपकिरी थर बोट लावताच काजूच्या सालीसारखा सुटत होता. दोनदा प्रयत्न केला, डोकं भरून गेलं, मग त्यांनी थांबवलं. तिचे पैसे घेतले नाहीत. तर हिशेब असा: नव्वदच्या पाच कॅसेटचे १२५०, साठच्या दोनचे ४००, चार उघडून दुरुस्त केल्या त्याचे ४००. एकूण २०५०. पावती मिळत नाही. मागितली तर मिक्सरच्या खोक्याच्या पाठीवर लिहून देतात.

आता वाईट बाजू, कारण नुसती स्तुती केली तर म्हणाल नातेवाईक असेल. पंधरा दिवस सांगितले, सात आठवडे लागले. मधे वीज, मधे डेकचा पट्टा विरघळून डांबर झाला आणि नवा मुंबईहून येईपर्यंत काम बंद, मधे गणपती. गणपतीत कोकणात कुणी काम सांगूच नये हे मला कळायला हवं होतं. पण फोन उचलला असता तर दोन फेऱ्या वाचल्या असत्या. फोन उचलतच नाहीत. एकदा दुकानात त्यांच्यासमोर उभी राहून मी फोन लावला, तो मिक्सरच्या भांड्यात वाजला. दुपारी एक ते चार दुकान बंद, आणि चार म्हणजे साडेचार. फायलींना नावं देत नाहीत, नुसतं '३ अ', '३ ब'. त्यातही चौथी आणि सहावी उलटसुलट झाली होती, घरी आल्यावर कळलं. तिखट-मीठ लावून सांगत नाही, पण गुडघे दुखणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्या की जिन्याखाली वाकून शिरावं लागतं आणि बाहेर येताना मी दोनदा डोकं आपटून घेतलं.

काजूत मोठा, भरलेला, अख्खा गर असतो त्याला २४० म्हणतात, कारण एका पौंडात जास्तीत जास्त तेवढेच बसतात. त्याहून लहान पण अख्खा तो ३२०. फुटला की पाकळी. माझ्या हिशेबाने या दुकानाचं काम २४०. वेळ पाळणं तुकडा. मधे कुठे काही नाही. ज्यांना लग्नसमारंभाच्या आत हवंय त्यांनी जाऊ नये. ज्यांच्या डब्यात तारखा लिहिलेल्या कॅसेट आहेत त्यांनी या पावसाळ्यापूर्वी जावं.

एक व्यवहाराची गोष्ट, जी टेपवाल्यांनीच शिकवली. ते प्रत्येक कॅसेटच्या दोन प्रती देतात. एक मोठी, न दाबलेली, नव्वद मिनिटांना साधारण ९५० एमबी भरते; ती पेन ड्राइव्हवर राहू द्यायची, हात लावायचा नाही. दुसरी एमपी३, साधारण १३० एमबी, ती फोनवर. ग्रुपवर पाठवताना स्पीकर लावून वर फोन धरून निरोप रेकॉर्ड करू नका, आवाजाचा चुरा होतो. फाइल डॉक्युमेंट म्हणून जोडा, जशी आहे तशी जाते. माझ्या भाचीने तिचे दहा-दहा मिनिटांचे तुकडे केले, कारण मस्कतवालीचा फोन लहान मुलांच्या व्हिडिओंनी गळ्यापर्यंत भरलेला असतो.

तेव्हापासून दुपारच्या चहाला आम्ही नवीन गाणं टाकणं बंदच केलंय. रोज एक तुकडा. चौघी ऐकतात आणि पाचवी म्हणते, मी असं बोललेच नव्हते. मुंबईवालीची सून सासूचे निरोप दीडपट वेगाने ऐकते, तिने हेही तसंच ऐकलं आणि विचारलं, की आई, तुम्ही सगळ्या इतक्या सावकाश का बोलत होता? यावर मुंबईवालीने सव्वाचार मिनिटांचं उत्तर पाठवलं. सावकाश.

कालचा तुकडा माझा होता, पहिल्या कॅसेटमधला. रेडिओवर 'आपली आवड' चाललंय, पणजी केंद्र, आमच्याकडे तेच स्वच्छ लागायचं. माझं अतिशय आवडतं गाणं, दुसरं कडवं संपत आलंय, सतार वाजतेय, आणि दार करकरतं. चपला काढल्याचा आवाज. बाबा. "गो, बातम्यो लाय." गाणं तिथेच तुटतं, खरखर, आणि एक बाई खणखणीत आवाजात बातम्या सुरू करते. मी पाठीमागे पुटपुटते, ते टेपवाल्यांनी स्क्रू फिरवून फिरवून इतकं स्पष्ट केलंय की भाचीसमोर लावायची सोय नाही.

तिसरं कडवं मी नंतर शंभरदा ऐकलंय, फोनवर, गाडीत, लग्नाच्या मांडवात. अजून दुसरं कडवं संपलं की माझा कान दाराकडे जातो.